देवदारी दार आणि चाचाची भट्टी

तुमी हसताल, पण मी आजबी पाव आधी हुंगतो अन् मगच चहात बुडवतो.

दुष्काळ सरला त्या सालची गोष्ट. मानवतला आमच्या विहाराचं दार मी इंजिन ज्या लाकडी खोक्यातून आलं, त्याच्याच देवदारी फळ्यांचं करायला घेतलं होतं. वाळवीसाठी कडूलिंबाचं तेल लावलं, तर लाकूड एक थेंब पीईना. जयंती चार दिवसांवर! एक जण म्हणला, फळ्या भिजवून एकदम तापव, आतल्या वाफेनं लाकूड मोकळं होतं.

तेवढी मोठी भट्टी करीमचाचाच्या बेकरीतच. पाव निघाल्यावर भिजवलेल्या फळ्या आत सारल्या, तर ताडताड आवाज यायला लागला. फळ्या फुटल्या तर? दुसरं लाकूड आणू कुठून?

"चाचा, काढा लवकर!"

"थांबा मिस्त्री, भट्टीतून कच्चं काढायची आपल्याला सवय न्हाई."

फळ्या धड निघाल्या अन् तेल घटाघटा प्यायल्या. मला लय हायसं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच चाचा दारात. तोंड पडलेलं, हातात त्या सकाळचा ताजा पाव.

"मिस्त्री, लाकडात तेल गेलं?"

"गेलं की, चाचा!"

त्यानं पाव माझ्या नाकाशी धरला. "अन् तुमचं लाकूड माझ्या सगळ्या पावात गेलं."