पिशवीतली साडी

परळच्या एका ट्रस्टच्या ऑफिसात मदतीसाठी रांग होती. मानसीही त्या रांगेत होती; तिच्या पुढेच चंपा आणि तिची शेजारीण शांता उभ्या होत्या.

"चंपा, ही फाटकी साडी कशाला गं नेसलीस?"

"मागच्या वेळी पोराच्या ऑपरेशनसाठी चांगली नेसून आले, तर इथला साहेब म्हणतो कसा, तुम्हाला कसली गरज?"

"कामावरच्या मॅडमनी दिलेली ती?"

"तीच, त्यांची जुनी. म्हणून आज ही नेसले, तर वॉचमन म्हणतो, भिकाऱ्यांना आत सोडत नाही."

"मग आलीस कशी?"

"पुढे कामाला जायचं म्हणून चांगली पिशवीत होती. समोरच्या संडासात ती नेसले, गेटातून आले आणि इथल्या संडासात परत ही."

"आणि गप्प बसलीस?"

"पोरगं वॉर्डात पडलंय, शांता. तू एक कर. उद्या मी मेले तर कुठली नेसवायची, तेवढं साहेबाला आत्ताच विचारून ठेव."