दुसरं टोक

— पडदा नाही हो तो, पगडी आहे. वाळत घातलेली नाही, ग्रिलला बांधूनच ठेवलीय, राहू द्या. बसा. चावी देते ना, शेजारचं घर कुठे पळून चाललंय? दलजीतसिंगांचं घर ते. मुलाकडे गेलेत, कॅनडाला, ब्रॅम्प्टनला — ब्रोकरने सांगितलंच असेल. हे लोक कुठे नाहीत सांगा? एक भाऊ नैरोबीला, मुलगी लंडनकडे साउथॉलला, पुतण्या मेलबर्नला ट्रक चालवतो — आणि हे स्वतः नांदेडचे. मराठी अशी बोलायचे की बस. माझी मुलं? ती इथेच भोपाळला, बाग सेवनियात वाढली, मी मराठीत विचारते, ती हिंदीत उत्तर देतात. अख्ख्या कॉलनीत माझ्याशी मराठी बोलणारा माणूस एकच, तोही सरदार.

त्यांची बायको गेली ना, त्यानंतर एका सकाळी दार वाजलं. बघते तर डोक्याला रुमाल गुंडाळून उभे, हातात हे एवढं लांब कापड, आणि म्हणाले, "वहिनी, पूणी?" मी म्हटलं, पुण्याचे नाही हो, आम्ही नागपूरचे. — हसले. बायको गेल्यावर पहिल्यांदाच हसले असतील. पूणी म्हणजे पगडीची घडी. दोघं लागतात त्याला — एकाने हे टोक धरायचं, दुसऱ्याने ते, ताणायचं, मग घडी घालायची. तेव्हापासून रोज मीच. चहा गॅसवर ठेवून, जिन्यात — हो, जिन्यातच, दोन्ही दारं उघडी टाकून. माझे यजमान जाऊन तेव्हा बरीच वर्षं झालेली, लोक बोलायचं ते बोललेच. आम्ही काय बोलायचो? "वहिनी, जरा ओढा." "सोडू का, सरदारजी?" एवढंच. पण तेवढं झालं की दिवस सुरू झाल्यासारखा वाटायचा.

परवा व्हिडिओ कॉल आला. डोक्यावर लोकरीची टोपी. मी विचारलं, पगडी कुठेय? म्हणाले, इथे गल्लोगल्ली सरदार आहेत वहिनी, गुरुद्वारे आहेत, पण मुलगा-सून अंधारातच कामाला जातात, कुणाला उठवायचं? दाराच्या कडीला टोक बांधून बघितलं, नीट बसत नाही. — एवढं शिखांचं शहर, आणि टोक धरायला माणूस नाही. फोन ठेवला आणि मी रडले. तुम्हाला कशाला सांगतेय मी हे. ही पगडी जाताना माझ्याकडे ठेवली, आल्यावर लागेल म्हणाले. मीही बांधून बघते ग्रिलला, सकाळी — तर त्यांचा मुलगा आता घरच विकतोय. घर गेल्यावर कशाला येतील ते भोपाळला? शेजारणीसाठी?

घर चांगलं आहे हो. वारा येतो. तुमच्याआधी दोघं येऊन गेले, त्यांना मी सांगितलं छत गळतं म्हणून. — नाही गळत.

उठलात? मग एक करा, ग्रिलचं ते टोक सोडा. धरा. दोन्ही हातांनी. हां, आता मागे सरका, ओढा — हळू. असं नाही. कोपरे धरायचे असतात, कोपरे —

ठेवा ते. ठेवा म्हणते ना. चावी नाहीये माझ्याकडे. या तुम्ही.