वहिनीच्या मुठीतली पिन

आपल्या कुरुंद्यात वायरिंगवाले लई हायत, पण मला इचाराल तर सगळ्यात पक्का हात आमच्या वहिनीचा. हसू नका, ऐका.

परवा मी नवा वूफर आणला आन् दादाच्या अँप्लिफायरला जोडायला बसलो. हा अँप्लिफायर म्हंजे दादाचा जीव. बोर्डावरचं बटण बंद केलं, वायरी सोलल्या. तेवढ्यात वहिनी आली, बोर्डातली पिनच उपसली आन् मुठीत धरून बसली.

म्हटलं, "वहिनी, बटण बंद हाय की. ही काय इहिरीवरली मोटार हाय का?"

शेतात मोटारीला हात लावायच्या आधी ती पेटीतले फ्यूज काढून पदराला बांधती. काम झाल्याबिगर गाठ सोडत न्हाई.

"तुमचं चालू द्या, भावजी," म्हणली. "बटण काय, कुणी बी दाबतं."

मी मनातल्या मनात हसलो आन् कामाच्या नादात ती पिन इसरून बी गेलो. वूफरच्या दोन तारा एकमेकीत अडकल्या व्हत्या, त्या सोडवून राहिलो व्हतो. तशात अँप्लिफायर चालू झाला तर जळालाच म्हणून समजा. आन् बराबर त्याच टायमाला दादा शेतातून आला. आल्या आल्या म्हणला, "काहून बंद ठेवलं रे?" आन् खटकन् बटण दाबलं!

माझा तर जीवच गेला. पण काईच झालं न्हाई.

दादानं बटण दोनदा खालीवर केलं. "लाईट गेली काय?"

वहिनीनं मूठ उघडली. "हाय की. माझ्यापाशी हाय."