भिंती किती पडतील?

अरे, ठेकेदारानं माझ्या घराच्या खर्चाचा अंदाज कसा काढला, ते ऐक. विजय नगरचा प्लॉट पाहिला आणि पहिलाच प्रश्न, "घर में सलाह देने वाले कितने हैं?"

म्हटलं, "चार. काहून?"

"तो चार दीवारें टूटकर फिर बनेंगी. खर्चा जोड़ लूँ?"

मी भडकलो. चौघांनाही शपथ घातली, वास्तुशांतीपर्यंत तिकडे फिरकायचं नाही. अन् खरंच कोणी फिरकलं नाही!

एक दिवस जाऊन पाहतो, तर ठेकेदार स्वतःच स्वयंपाकघराची भिंत पाडून राहिला होता. बाजूला सिहोऱ्याहून आलेली त्याची आई, ओटा कुठे हवा ते दाखवत उभी.

म्हटलं, "भैया, ही भिंत तर अंदाजात नव्हती!"

घण खाली ठेवून म्हणतो, "साहब, मैंने सिर्फ आपके घरवाले गिने थे."