जुनीच डिस्क

संगणक दुरुस्तीच्या दुकानात पंखा कुरकुरत होता. काचेवर ‘कृपया थांबा’ असं लिहिलं होतं. माझ्या पायाशी बिघडलेला प्रिंटर होता. रांगेत माझ्यापुढे बहीण-भाऊ उभे होते, आणि त्यांच्याकडे बुटाच्या खोक्याएवढा, घरी जोडलेला संगणक होता.

“ताई, नखं खाऊ नकोस.”

“उद्या नवरीचे वडील लग्नाचा व्हिडिओ घ्यायला दारात उभे राहतील. त्यांना काय, नखं दाखवू?”

“व्हिडिओ परत निघेल. हे लोक काढतात.”

“मी तुला फक्त संगणक जोडून दे म्हटलं होतं.”

“स्वस्त आणि छोटा हवा, असंही म्हणाली होतीस. म्हणून तुझी जुनीच डिस्क आत बसवली.”

“आणि पुसलीस.”

“त्याशिवाय सिस्टिम चढत नव्हती. मला वाटलं, लग्नाचं सगळं कॅमेऱ्याच्या कार्डात असेल.”

“कार्ड मी पुढच्या कामासाठी रिकामं केलं. बरं, दुकानदार विचारेल ते नीट सांग. पुसल्यावर डिस्कवर नवीन काही भरलं नसेल, तरच जुनं निघतं म्हणे.”

“हो का?”

“काही भरलं नाहीस ना?”

“एडिटिंगचं सॉफ्टवेअर टाकलं. ते तर तुलाच लागणार होतं.”

“अजून?”

“संगणक किती ताण पेलतो, ते बघायला नको?”

“कसं बघितलंस?”

“गेम टाकून.”

“केवढा होता?”

“डिस्क भरली, ताई.”

“पुढचे कोण?” काउंटरवरून आवाज आला.

मघाशी दुकानाची पायरी चढताना संगणक भावाच्या हातात होता, आणि ती त्याला म्हणाली होती, “सांभाळून रे, पडशील.”