नवव्या मात्रेची टाळी

आजच्या निरोप समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या संस्थेचे चेअरमन माननीय हिंमतराव, मुख्याध्यापिका दीपाली मॅडम, व्यासपीठावरचे मान्यवर, ज्यांपैकी तिघांना मी आज प्रथमच पाहते आहे आणि ज्यांनी तरीही माझ्याबद्दल इतक्या आत्मीयतेने भाषणं केली, माझे सहकारी शिक्षक, पालक, आणि मागे सतरंजीवर बसवलेली माझी सातवीची मुलं,

शाल मिळाली. ऐन एप्रिलात हडपसरमध्ये ती पांघरायचा योग कधी येईल ते बघू. मानपत्रही मिळालं. त्यात लिहिलंय, ‘नसीमबानू तांबोळी यांनी एकोणतीस वर्षं शाळेला करमणुकीची उणीव भासू दिली नाही.’ वाक्य देखणं आहे. फक्त मी संगीत शिकवत होते, हे लिहिणाऱ्याला कुणीतरी सांगायला हवं होतं.

काय शिकवत होते? जाता जाता सांगूनच टाकते, कारण एकोणतीस वर्षांत हे मला कुणी विचारलेलं नाही. पाचवी ते सातवीला आठवड्यातून एक तास. परीक्षा आली की तोही गणिताला. त्या तासाची पहिली दहा मिनिटं मुलांनी डोळे मिटून नुसतं ऐकायचं. बाहेरच्या बस, समोरच्या इमारतीतलं ड्रिल मशीन, शिपाईमामांचं झाडणं. मग सांगायचं, कशाची लय संथ, कशाची जलद, कुठे ती मोडली. एकदा एक मुलगा म्हणाला, “बाई, मामा दमलेत. झाडू विलंबितात गेला.” खिडकीतून पाहिलं, तर मामा खरंच भिंतीला टेकले होते. अशा तासाला मानपत्रात करमणूक म्हणतात.

मग शब्द. मात्रा, सम, टाळी, खाली. व्यासपीठासाठी थोडक्यात सांगते, मुलांना येतं. त्रितालाच्या मात्रा सोळा. पहिल्या, म्हणजे समेच्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेला टाळी. नवव्या मात्रेला टाळी नाही, हात नुसता बाहेर फिरवायचा. ती खाली. आपण आवर्तनात नेमके कुठे आहोत, हे तिच्यामुळे कळतं. सगळीकडे टाळ्याच वाजल्या तर कुणालाच काही कळत नाही. हिंमतराव, आपण मान हलवताय. असू द्या.

गेल्या डिसेंबरची गोष्ट. गॅदरिंगला सातवीच्या चाळीस मुलांनी हातावर त्रिताल दाखवायचा होता. वाद्य नाही, रेकॉर्ड नाही, फक्त हात. रंगीत तालमीला चेअरमनसाहेब आले. दोन आवर्तनं पाहिली आणि म्हणाले, “बाई, पोरं मधेच एक टाळी खातात की!”

चाळीस मुलं, एकाच जागी, दर वेळी, एकदम विसरतात! अहो, इतकी शिस्त आपल्या शिक्षकसभेत कधी दिसली आहे का?

मी समजावून सांगितलं. कार्यक्रम बसवायला आणलेले पुष्कर सर मधेच म्हणाले, “मॅडम, बरोबर आहे तुमचं, पण व्हिडिओत ते मिस्टेक वाटतं. तिथे पण क्लॅप टाका ना, एनर्जी येईल.” एनर्जी! शेकडो वर्षं गाणारे-वाजवणारे जिथे थांबले, तिथे पुष्कर सरांना एनर्जी कमी पडली. दीपाली मॅडमनी मला बाजूला घेतलं. “बाई, ताणू नका. कार्यक्रम चांगला झाला तर संगीताचा तास पुढच्या वर्षीही राहील, मी बोलते.”

आणि मी ऐकलं. आतापर्यंत तुम्हाला हसले, आता माझं ऐका. वर्गात जाऊन, याच तोंडाने, मी मुलांना सांगितलं, “नवव्या मात्रेला टाळी वाजवा.” प्रियदर्शनी नावाची मुलगी उठली. वाशिमकडचं घर, वडील इथे कारखान्यात, रोज मांजरी गावाहून सायकलने येते. म्हणाली, “बाई, तिथं टाळी आली तर सम कशी सापडंल?” मी म्हणाले, “सांगितलंय तेवढं कर.” एकोणतीस वर्षांत मी उच्चारलेलं हे सर्वांत बेसूर वाक्य.

कार्यक्रम झाला. एकोणचाळीस मुलांनी टाळी वाजवली. एक हात बाहेर गेला. व्हिडिओ पाहून चेअरमनसाहेब म्हणाले, “ती एक पोरगी चुकली, नाहीतर झकास होतं.” मी तिला विचारलं, तर म्हणाली, “मी चुकली नाही, बाई. मी मोजत होती.” पुढच्या प्रगतिपुस्तकात तिला संगीतात ‘क’ द्यावा, अशी वरून सूचना आली. शेरा माझ्या अक्षरात आहे, ‘तालाकडे लक्ष द्यावे.’

आणि तो तास? जूनपासून बंद. संगीताच्या खोलीत रेकॉर्डिंग स्टुडिओ होणार आहे. काय रेकॉर्ड करणार, हे अजून ठरलेलं नाही. म्हणजे खाली विकून मी काय मिळवलं, तर ही शाल.

समारोपाला वक्त्याने सभागृहाकडे चुकल्यामाकल्याची क्षमा मागावी, असा रिवाज आहे. सभागृहाकडे मी ती मागत नाही. सभागृहाला माझी चूक आवडली होती, टाळ्या पडल्या होत्या. मी अपराधी आहे ती बारा वर्षांच्या एका मुलीची. प्रियदर्शनी, उभी राहा. मला माफ कर. काल तुझ्या प्रगतिपुस्तकातला तो शेरा मी खोडला आणि खाली सही केली. नवा शेरा असा, ‘ताल पक्का. बाईंनी हिच्याकडून शिकावे.’ दीपाली मॅडम, आजच्या तारखेपर्यंत मी नोकरीत आहे, त्यामुळे ती सही चालेल.

आपण सर्व आलात, गोड बोललात, त्याबद्दल मनापासून आभार. सहकाऱ्यांचे विशेष, त्यांनी माझे तास घेतले तरी डबा नेहमी वाटून खाल्ला. आता एकच आवर्तन, मग मी खाली उतरते. प्रियदर्शनी, हात दाखव. बाकीचेही उठलात? उठा. मी मोजते.

एक, दोन, तीन, चार. पाच, सहा, सात, आठ. नऊ...

बघा. सतरंजीवरचे चाळीसही हात बाहेर गेले. टाळी एकच ऐकू आली, ती व्यासपीठावरून.