फक्कीच्या रिंगणातला रातवा

भाभी, रुबीना, आणि टेकडीवर रोज भेटणाऱ्या माझ्या सगळ्या सोबत्यांनो,

बत्तीस वर्षं शाळेत बोलले. आज मात्र पहिलं वाक्य सापडत नाही. उस्मानभाई असते तर म्हणाले असते, बाई, सावकाश, घाई कोणाला आहे?

ते रफूगार होते. माझी त्यांच्याशी ओळखही रफूतूनच झाली. आईच्या शालीला ठिणगीनं भोक पडलं होतं. शाल परत घेताना मी ती उजेडात धरली, उलटसुलट केली आणि चढ्या आवाजात म्हटलं, तुम्ही तर हातच लावलेला दिसत नाही. ते म्हणाले, मग चांगलं झालं असेल. एवढंच. पुढे कळलं, की हेही रोज सकाळी टेकडीवर येतात.

आज मला तुम्हाला एक गोष्ट सांगायची आहे. चार वर्षं लपवली.

तुम्हाला आठवत असेल, त्या मे महिन्यात आपण मागच्या माळावर झाडं लावायचं ठरवलं. खड्ड्यांच्या जागा आखायचं काम माझ्याकडे होतं. माळ कसला, वाळकं गवत, दगड आणि पाचोळा. रिकामी जागा दिसली की आपले हात शिवशिवतात, आणि माझे तर जरा जास्तच. चुन्याच्या फक्कीची पिशवी घेऊन मी एकटीच पहाटे गेले. रिंगण आखत चालले. सातवं रिंगण आखून झालं, तेव्हा मागे उस्मानभाई उभे होते.

"बाई, इथं नको."

मी विचारलं, का, इथं कोणी बसलंय का? तुम्हाला माझा आवाज माहीत आहे.

"हो. बसलंय."

मी बघितलं. पाचोळा. पुन्हा बघितलं. पाचोळाच. ते माझ्याशेजारी उकिडवे बसले. बोट दाखवलं नाही. हळूच म्हणाले, पक्षी शोधू नका, डोळ्याची बारीक फट शोधा. किती वेळ गेला, कोण जाणे. आणि मग त्या पाचोळ्यात एक डोळा दिसला.

रातवा होता. दिवसा जमिनीवर बसणारा, अंधार पडला की उडणारा. मी पांढरं रिंगण बरोबर त्याच्याभोवती आखलं होतं. माझा हात त्याच्यापासून वीतभर अंतरावरून फिरला होता आणि तो हलला नव्हता. पंखावरची एकेक रेघ वाळक्या पानाची, एकेक ठिपका खडीचा. थोड्या वेळानं तो जरासा सरकला, आणि खाली दोन अंडी दिसली. घरटं नाही. एक काडीसुद्धा नाही. उघड्या जमिनीवर दोन अंडी, आणि त्यांच्यावर फक्त तो.

 

 उस्मानभाई म्हणाले, "बाई, चाळीस वर्षं सुई धरली. माझं रफू नीट बघितलं तर दिसतं. हे नीट बघूनही दिसत नाही. हे काम कोणाचं असेल?"

 

आम्ही पायानं सातही रिंगणं पुसली. आणि तुम्हाला मी काय सांगितलं? जमीन खडकाळ आहे, कुदळ लागत नाही. टेकडीची एवढी जाणकार म्हणून मिरवणारी मी, पक्ष्याच्या डोक्यावर कुदळ घालायला निघाले होते, हे कोणत्या तोंडानं सांगणार? उस्मानभाईंनीही कधी कोणाजवळ अवाक्षर काढलं नाही. पण त्याच्या आदल्या वर्षी आपण त्याच माळाच्या कडेला खड्डे घेतले होते. तिथं कोण बसलं होतं, मला माहीत नाही. याची मला लाज वाटते.

आता परवा रविवारी आपण उस्मानभाईंच्या स्मरणार्थ त्याच माळावर झाडं लावणार आहोत. रोपं आली आहेत, पाटी रंगवून झाली आहे, खडकाळ जमीन म्हणून खड्डे घेणारं यंत्रही ठरलं आहे. मला फोन आला, तेव्हा रडत रडत मीही हो म्हटलं होतं. चूक तुमची नाही. मी खरं सांगितलं असतं, तर तुम्ही ती जागा निवडलीच नसती.

काल पहाटे मी माळावर जाऊन आले. तासभर एका जागी उभी राहिले. मला काहीही दिसलं नाही. म्हणूनच, तिथं कोणी नाही असं मी सांगू शकत नाही.

रुबीना, तुझे अब्बा ज्या जागेसमोर उकिडवे बसले, ती जागा तशीच राहू दे. पाटीही नको. रोपं पायथ्याला, रस्त्याच्या कडेनं लावू, खड्डे मी स्वतः घेईन. माळावर आपण काहीच करायचं नाही. आपल्याला ते जड जाईल, पण जमवू.

आता दोन मिनिटं शांत राहू या. उभे राहू नका. जिथं आहात तिथंच बसा, आणि हलू नका. फक्कीचा हात वीतभर अंतरावरून फिरत असताना तो जसा बसला होता, तसे.

टेकडी उतरल्यावर ते रोज जे म्हणायचे, तेच आज मी म्हणते. उस्मानभाई, खुदा हाफिज.